दाट न झालेलं सूप

वहिनी दुकानात कप-बशा पोचवून परतली तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता. उघड्या दाराचं तिला काही वाटलं नाही. शांततेचं मात्र वाटलं. तिचा नवरा घरात असला की बोलण्याचा नळ चालूच असायचा. तो बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा आणि ती सवय काही नोकरीवरच ठेवून यायचा नाही. सगळी गल्ली त्याला भोंगा म्हणायची. तिला मात्र सगळे वहिनीच म्हणायचे, तिच्या वडिलांच्या वयाचे दुकानदारसुद्धा.

"अहो! ताई! कुठे आहात?"

न्हाणीघराबाहेरच्या बोळात भोंगा भिंतीला पाठ लावून बसला होता. पाय समोर पसरलेले, शर्ट ओकारीनं भिजलेला. त्याची थोरली बहीण, ताई, पलीकडे स्टुलावर पोट धरून वाकली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती यांच्याकडेच राहायला आली होती.

"आलीस?" भोंगा म्हणाला. "हे बघ, पायांनी संप पुकारलाय. मघापासून वाटाघाटी चालू आहेत, पण पुढारी काही ऐकत नाहीत."

"काय झालंय काय?"

"उलट्या, जुलाब. दोघांनाही," ताई म्हणाली. "मला वाटलं टोमॅटो बाधले. पण हा आता उठतच नाही गं."

वहिनीनं त्याचा पाय उचलला आणि सोडला. पाय ओल्या पोत्यासारखा खाली पडला. भोंगा आधी पायाकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण डोळ्यांतून ते केव्हाच उतरलं होतं.

"चिमटा काढ," तो म्हणाला.

तिनं काढला. "कळतंय?"

"चांगलंच कळतंय. हलत तेवढं नाही."

तिनं रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत त्याचा उजवा हात गेला. रुग्णवाहिकेत घालताना डावाही गेला. वाटेत तो परिचारकाला गाड्यांची वेळापत्रकं ऐकवत होता, भीती घालवायला असेल कदाचित. बोलता बोलता शब्द जड झाले, मग एकमेकांत मिसळले. रुग्णालयाच्या फाटकाशी गाडी वळली तेव्हा त्याचे ओठ हलत होते आणि त्यातून नुसता वारा येत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस वाक्य अर्धवट सोडताना वहिनीनं कधी पाहिला नव्हता.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत वर. त्यांनी आधी पक्षाघाताचा विचार केला. मग शेजारच्या खाटेवर ताईकडे गेल्या, तिला बोटं दाबायला सांगितली, आणि थबकल्या.

"तुमच्या हातांतही जोर नाही?"

"ओठांना मुंग्या आल्यात," ताई म्हणाली. "हात म्हातारीसारखे झालेत. म्हणजे, आहेच मी म्हातारी, पण सकाळपर्यंत एवढी नव्हते."

"एकाच घरात, एकाच दुपारी दोघांना पक्षाघात होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काय खाल्लंत?"

"टोमॅटोचं सूप. मीच केलं होतं. ह्यानं दोन वाट्या भरून घेतलं. मला काही आवडलं नाही, खडू घातल्यासारखं लागत होतं. हा म्हणाला, ताई, झकास झालंय! बहिणीचं मन राखायला हा काहीही गिळेल."

"आणि तुम्ही?" डॉक्टरबाईंनी वहिनीला विचारलं.

"मी बाहेर होते. मी काहीच खाल्लं नाही."

तेवढ्यात रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरबाईंनी तो वाचला, परत वाचला आणि प्रयोगशाळेला फोन लावून आकडा खरा आहे ना म्हणून विचारलं. रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलं होतं.

"उलट्या-जुलाबांनी थोडं कमी होतं," त्या म्हणाल्या. "इतकं होत नाही. कुठे गेलं कुठे सगळं?" आणि परिचारिकेकडे वळल्या. "सलाइनमधून पोटॅशियम सुरू करा. आणि श्वासाची नळी तयार ठेवा. छातीचे स्नायूही मंदावतायत."

वहिनी भोंग्याच्या उशाशी गेली. तो आडवा पडला होता, मान एका बाजूला कललेली, ती सरळ करण्याचीही ताकद नव्हती. पण डोळे! डोळे पिंजऱ्यातल्या पाखरासारखे इकडून तिकडे धावत होते. ते तिच्यावर यायचे, पलीकडच्या ताईच्या खाटेकडे जायचे आणि परत तिच्यावर.

"भ्यायलात?"

डोळे थांबले नाहीत.

"मी विचारते. हो असेल तर डोळे मिटा, नाही असेल तर उघडेच ठेवा. जमेल?"

त्यानं डोळे मिटले.

"कुठे दुखतंय?"

उघडे.

"ताईंना बरं आहे का, ते विचारताय?"

उघडे. आणि मग रागानं पुन्हा ताईकडे, पुन्हा तिच्याकडे.

"सूप?"

मिटले. इतके घट्ट मिटले की पापण्यांच्या कडेला सुरकुत्या पडल्या.

"सुपात काही पडलं?"

मिटले.

"काय पडलं? स्वयंपाकघरातलं?"

उघडे.

स्वयंपाकघराबाहेर त्या घरात एकच खोली होती जिथे पूड असायची. मागच्या अंगाची, तिची भट्टीची खोली. चाक, भट्टी, वाळत घातलेली भांडी, आणि फळीवर भांड्यांच्या झिलईला लागणाऱ्या पांढऱ्या पुडींच्या पिशव्या. चुनखडी, चिनी माती, गारगोटीची पूड. दिसायला सगळ्या सारख्या, बघणाऱ्याला पिठासारख्या.

"माझ्या खोलीतलं?"

मिटले.

"कुठल्या पिशवीतलं? अहो, तुम्हाला नावं तरी कुठे..." ती वाकली. आवाज आपोआप खाली गेला. "कवटीचं चित्र होतं ती?"

त्यानं डोळे मिटले आणि ते मिटलेलेच राहिले. पापणीखालून एक थेंब निघून कानाकडे गेला.

ती पिशवी खालून फाटली होती. जमिनीवर पूड सांडायला लागली म्हणून दोन दिवसांपूर्वी तिनंच कुरकुर केली होती. तेव्हा भोंगा म्हणाला होता, तू नको वाकूस, मी बघतो. आणि तिनं कप दुकानात पाठवायच्या घाईत परत तिकडे पाहिलंही नव्हतं.

"तुम्ही ती पूड डब्यात भरलीत? पिठाच्या?"

डोळे उघडून त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि हळूच, जणू त्या पापण्यांचं वजन मणामणाचं असावं तसे, मिटले.

वहिनी धावली. मधल्या दालनात कुणाच्या तरी हातातला ट्रे तिच्या धक्क्यानं खाली पडला, तरी थांबली नाही.

"बेरियम! डॉक्टर, सुपात बेरियम आहे!"

डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. "कुठलं? एक्स-रेला पाजतात ते सल्फेट, की..."

"कार्बोनेट. भांड्यांच्या झिलईचं."

डॉक्टरबाईंचा चेहरा खडूसारखा झाला. त्यांनी एका हातानं विषमाहिती केंद्राचा फोन लावला, दुसऱ्यानं परिचारिकेला खुणा केल्या. पुढचं सगळं इतक्या झपाट्यानं झालं की वहिनीला ते नंतर तुकड्यातुकड्यांनीच आठवायचं. नाकातून पोटात घातलेली नळी. तिच्यातून ओतलेलं सल्फेटचं पाणी, पोटात उरलेला बेरियम न विरघळणारा व्हावा म्हणून. सलाइनच्या पिशव्या. मग भोंग्याच्या हृदयाच्या यंत्रानं किंचाळायला सुरुवात केली, पडदे सरकले, आणि कुणीतरी तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

बाहेर बाकड्यावर ती बसली. हात मांडीवर ठेवलेले. नखांत अजून माती होती.

बेरियम तिनं हौसेनं आणला होता. तांब्याच्या पुडीबरोबर तो भट्टीत असा निळा रंग देतो की पाहणाऱ्याची नजर हलू नये. चुन्याला तो रंग जमत नाही. काम शिकवणाऱ्या मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर आवर्तसारणीतली एक उभी रांग लिहून दिली होती आणि म्हणाले होते, ह्या सगळ्यांना भाऊ समजा, पण एकमेकांच्या जागी डोळे झाकून घालू नका. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, अन्नापासून लांब ठेवा, असंही सांगितलं होतं. तिनं सगळं पाळलं होतं. घरातल्या एका बोलघेवड्या, मदतीला तत्पर माणसाचा मात्र कुणी विचार केला नव्हता.

बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई आल्या आणि तिच्या शेजारी धप्पकन बसल्या.

"हृदय ताळ्यावर आलंय. श्वास यंत्रावर आहे. तुम्ही वेळेवर सांगितलंत."

"मी नाही. त्यांनी सांगितलं."

"त्यांनी?"

"डोळ्यांनी."

डॉक्टरबाईंनी भिंतीला पाठ टेकली.

"मला एक कळत नाही," वहिनी म्हणाली. बोलत राहिलं नाही तर आपण इथेच कोसळू असं तिला वाटत होतं. "चुन्यातलं कॅल्शियम आणि हा बेरियम एकाच गणातले. कॅल्शियम तर आपल्या हाडांत असतं. मग त्याचा भाऊ असा वैरी कसा होतो?"

"गणात वरून खाली गेलं की काय होतं?"

"आकार वाढतो. मॅग्नेशियम लहान, त्याखाली कॅल्शियम, मग स्ट्रॉन्शियम, मग बेरियम. दर पायरीला इलेक्ट्रॉनांचं एक कवच वाढतं, म्हणून आयन मोठा मोठा होत जातो."

"तोच आकार घात करतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बेरियम वाढत वाढत पोटॅशियमच्या मापाचा होतो. पोटॅशियम शेजारच्या रांगेतला, पण अंगानं दोघे जवळजवळ सारखे. आता आपल्या पेशींतून पोटॅशियमला बाहेर पडायला खास दारं असतात, आणि ती दारं माप बघतात. कॅल्शियम लहान, ते त्या मापात बसत नाही. बेरियम बसतो. पण त्याच्यावरचा विद्युतभार पोटॅशियमच्या दुप्पट, त्यामुळे शिरतो आणि दारातच रुततो. धड आत नाही, धड बाहेर नाही. मग आत ओढलेलं पोटॅशियम पेशीतच कोंडलं जातं, रक्तातलं संपत जातं, आणि स्नायू लुळे पडतात. मी मघाशी विचारत होते ना, कुठे गेलं सगळं? कुठेच गेलं नव्हतं. आत अडकलं होतं."

"आणि डोकं?"

डॉक्टरबाईंनी वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. "डोकं शाबूत असतं. सुरुवातीपासून त्यांना सगळं कळत होतं."

म्हणजे बोळात भिंतीला टेकून विनोद करताना कळत होतं? की वाटेत उमगलं? की खाटेवर पडून, शेजारी बहिणीला 'मी सूप केलं, मी सूप केलं' म्हणताना ऐकून? वहिनीनं तोंडावर पदर दाबला.

ताईला फार काही झालं नव्हतं. तिनं थोडंच खाल्लं होतं आणि त्यातलं बरंचसं ओकून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून बसली होती. वहिनी आत गेली तेव्हा तिनं परिचारिकेला बाहेर जायला सांगितलं.

"काय होतं सुपात?"

वहिनीनं सांगितलं. ताईचे डोळे आधी नुसते मोठे झाले. मग तिनं दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

"दाट होईना गं," ती म्हणाली. "एक चमचा घातला, दोन घातले. म्हटलं हे कसलं मेलं पीठ! म्हणून आणखी घातलं. मीच घातलं. चमच्या चमच्यानं माझ्या भावाला..." आवाज फुटला. "डबाही केवढा जड होता. एवढंसं पीठ आणि एवढा जड. तरी माझी अक्कल चालली नाही."

"तुम्हाला कसं कळणार, ताई? तळाशी बसलं असेल बरंचसं. पातेल्यातच राहिलं असेल, म्हणून तर..."

"तो डबा तुझ्या खोलीत होता," ताई मध्येच म्हणाली. तिची नजर बदलली. "फळीवर. मला वाटलं, हिनं स्वयंपाकघरातला डबा उचलून नेला. म्हणून मी परत आणला. तू पिठाच्या डब्यात विष भरून ठेवतेस? घरात माणसं राहतात, वहिनी!"

वहिनीच्या जिभेवर उत्तर आलं होतं. मी नाही, तुमच्या भावानं भरलं. पण तो भाऊ भिंतीपलीकडे यंत्राच्या श्वासावर होता, आणि आज काय होईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. आणि समजा, नको ते झालं, तर ही बाई उरलेलं आयुष्य मेलेल्या भावाला दोष देत काढेल?

"चुकलं, ताई," ती म्हणाली.

"चुकलं? एवढंच?"

"एवढंच."

ताईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. वहिनी बाहेर आली.

त्या संध्याकाळी भोंग्याच्या उजव्या हाताची करंगळी हलली. मूत्रातून बेरियम उतरत होता, पोटॅशियमचा आकडा वर चढत होता. मग पंजा हलला, मग खांदा. पुढच्या सकाळी डॉक्टरबाईंनी श्वासाची नळी काढली. वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिनं मनात म्हटलंही, पडला तर पडू दे, आपल्याकडे भांड्यांना काय तोटा!

ताईला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. ती वहिनीपासून अंतर ठेवून बसली होती. भोंग्याचा घसा खरवडून निघाला होता. परिचारिका म्हणाली, आज बोलू नका. त्यानं मान हलवली आणि लगेच बोलला.

"ताई."

"बोलू नकोस रे."

"डबा मी भरला."

ताईला आधी अर्थच लागला नाही. "काय?"

"पिशवी फाटली होती. मी भरला डबा. हिला सांगायचं राहिलं." त्याला दम लागला. "मी. जगभर बोलतो, आणि एवढं एक राहिलं."

ताईनं भावाकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि तिच्या गालांवरचा रंग उतरत गेला.

"आणि तू माझं सगळं ऐकून घेतलंस?"

वहिनीनं खांदे उडवले. ताईनं खुर्चीची चाकं स्वतःच्या हातांनी ढकलायला सुरुवात केली. जोर नव्हता, खुर्ची तिरकी गेली आणि खाटेला धडकली. वहिनीनं ती सरळ केली तेव्हा ताईनं तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही, परिचारिका औषध घेऊन आली तरी.

भोंगा घरी आला, काठी धरून चालला, काठी टाकून चालला. नोकरीवर परत जायला त्याला महिना लागला. उरलेला बेरियम, डबा आणि ते पातेलं घातक कचरा नेणाऱ्या माणसांनी नेलं. वहिनीनं त्याच्या जागी स्ट्रॉन्शियम आणला, एक पायरी वरचा, आकारानं लहान. तो दारात तसा रुतत नाही. निळा रंग येतो, पण तितका खोल नाही. दुकानदार म्हणाला, पहिला चांगला होता. वहिनी म्हणाली, हाच मिळेल.

सगळे म्हणत, बाई मोठी धीराची, एकदाही रडली नाही. तिलाही तसंच वाटत होतं.

मग एके सकाळी ती ताईबरोबर वाण्याकडे गेली. साबण, तेल, मीठ झालं. वाण्यानं विचारलं, मैदा देऊ? आणि उत्तराची वाट न पाहता पोत्यात पंजा घालून तराजूत पांढरी पूड टाकली. हवेत थोडीशी उडाली.

वहिनी दुकानाच्या पायरीवर बसली, बसली कसली, पडलीच. तिला श्वास घेता येईना. तोंडातून नुसताच आवाज येत होता, शब्द नव्हे. वाणी घाबरून पाणी आणायला पळाला. "काय झालं बाईंना? पीठच आहे हो, पीठ! खाऊन दाखवू का?"

ताई गुडघा सांभाळत, कुरकुरत, तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिनं वहिनीचं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं.

"रड," ती म्हणाली. "माझं रुग्णालयातच रडून झालं. तुझं राहून गेलं होतं."

येणारी-जाणारी माणसं वळसा घालून दुकानात शिरत होती. वाणी पाण्याचा पेला धरून उभा होता. वहिनी रडली, मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत, आणि ताई प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिली, "काही नाही, काही नाही, जा तुम्ही. आमच्या घरचं आहे."